गव्हावरील गुलाबी खोडकिडा व त्याचा बंदोबस्त

गहू हे रब्बी हंगामातील एक प्रमुख अन्नधान्य होय. या पिकाच्या शत्रूंपैकी कित्येकांशी शेतकऱ्यांचा चांगला परिचय आहे. तांबेरा पानांवर व काड्यांवर आपली खूण उमटवितो. मावा पानांवर व ओंब्यांवर थव्यांनी बसलेला दिसतो. उंदरांची वस्ती बिळांवरून कळते. परंतु काडीच्या आत राहून, बाहेरून पीक हिरवेगार दिसत असतानाच, तिचा गाभा खाऊन टाकणारा एक शत्रू असा आहे की, त्याचे अस्तित्व बहुधा नुकसान होऊन गेल्यावरच ध्यानात येते. हा शत्रू म्हणजे गुलाबी खोडकिडा होय. शास्त्रीय भाषेत त्यास 'सेसॅमिया इन्फेरेन्स' असे म्हणतात.

ही कीड भारतात नवीन नाही. भात, मका, ज्वारी, नाचणी, ऊस अशा गवतवर्गीय पिकांवर ती पूर्वीपासून आढळते. मात्र पंजाब व हरियाणा या राज्यांत भातानंतर, जमिनीची मशागत न करता गहू पेरण्याची पद्धत वाढली, तेव्हापासून गव्हावरील तिच्या उपद्रवाकडे विशेष लक्ष वेधले गेले. महाराष्ट्रातही नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या जिल्ह्यांत मक्याखालील क्षेत्र मोठे आहे, आणि बागायती भागात मका, ऊस व गहू ही पिके एकाच शिवारात बांधाला बांध लावून उभी असतात. म्हणून येथील गहू उत्पादकांनीही या किडीची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

किडीची ओळख व जीवनक्रम

या किडीच्या अंडी, अळी, कोष व पतंग अशा चार अवस्था असतात. पतंग आखूड व जाड अंगाचा असून त्याचा रंग वाळलेल्या काडासारखा असतो. मागील पंख पांढुरके असतात. तो दिवसा पानांच्या आडोशास दडून बसतो आणि रात्री संचार करतो. मादी पतंग पानाचा जो भाग काडीस वेढून असतो, त्या वेष्टनाच्या आतील बाजूस, ओळीने मण्यांसारखी अंडी घालते. अंडी अशी झाकलेली असल्यामुळे वरवर पाहणाऱ्यास ती दिसत नाहीत.

साधारणतः एका आठवड्यात अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. प्रारंभी त्या वेष्टनाच्या आतच कुरतडून राहतात व नंतर काडीस छिद्र पाडून आत शिरतात. पूर्ण वाढलेली अळी सुमारे एक इंच लांब असते. तिचे डोके तांबूस तपकिरी, पाठ गुलाबी किंवा जांभळट गुलाबी आणि पोटाकडील भाग पांढुरका असतो. या रंगावरूनच किडीस गुलाबी खोडकिडा हे नाव पडले. उबदार हवेत अळीची वाढ तीन ते चार आठवड्यांत पुरी होते. थंडीत ती लांबते. त्यानंतर अळी काडीतच किंवा काडी व वेष्टन यांच्यामध्ये कोषात जाते आणि आठ ते बारा दिवसांनी पतंग बाहेर पडतो.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ही अळी एकाच काडीत आयुष्य काढीत नाही. एक काडी पोखरून झाली की ती बाहेर पडून शेजारच्या फुटव्यात शिरते. म्हणून एक अळी वेळीच नाहीशी केल्यास एक नव्हे, तर अनेक फुटवे वाचतात.

नुकसान दोन प्रकारे होते

पहिला प्रकार पीक लहान असताना, म्हणजे पेरणीनंतर सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून पुढे दिसतो. अळी आतील वाढीचा कोंब खाते. त्यामुळे बाहेरची पाने हिरवी असतानाच मधली सुरळी पिवळी पडून वाळते. यास 'पोंगा मरणे' असे म्हणतात. दुसरा प्रकार ओंबी बाहेर पडताना दिसतो. काडी आतून खाल्ली गेल्यामुळे ओंबीस अन्नरस मिळत नाही. ती पांढरी पडते, ताठ उभी राहते आणि तिच्यात दाणा भरत नाही. भरलेल्या ओंब्या भाराने किंचित झुकतात. ही पोकळ ओंबी मात्र सरळ उभी असते. फेब्रुवारी महिन्यात हिरव्या शेतात तुरळक पांढऱ्या ओंब्या पाहून 'पीक लवकर पिकू लागले' असा समज करून घेणे धोक्याचे आहे.

या दोन प्रकारांत मोठा भेद आहे. पोंगा मेला तरी झाड मरत नाही. फुटवे धरण्याच्या काळात पिकास पाणी व नत्र वेळेवर मिळाले, तर ते नवीन फुटवे काढून बरीचशी उणीव भरून काढू शकते. पांढऱ्या ओंबीची भरपाई मात्र कशानेही होत नाही. समजा, दर शंभर ओंब्यांत चार ओंब्या पांढऱ्या पडल्या आणि ते शेत हेक्टरी ४० क्विंटल उत्पादन देणारे असले, तर सुमारे १६० किलो गहू घरी येण्यापूर्वीच नाहीसा झाला असे समजावे. बियाणे, खत, पाणी व मजुरी यांचा सर्व खर्च होऊन गेल्यानंतरचे हे नुकसान असते. म्हणूनच पोंगा मेलेला दिसतो, तीच बंदोबस्ताची खरी वेळ होय.

अचूक निदान कसे करावे?

वाळलेला प्रत्येक फुटवा खोडकिड्यामुळेच वाळला असे नव्हे. निदान चुकले तर उपायही चुकतो आणि पैसा वाया जातो. याकरिता संशय येताच पुढीलप्रमाणे परीक्षा करावी.

वाळलेली सुरळी दोन बोटांत धरून हळूच वर ओढावी. खोडकिडा असल्यास ती सहज निघून येते आणि तिचे खालचे टोक कुरतडलेले व कुजलेले दिसते. नंतर तो फुटवा जमिनीलगत कापून उभा चिरावा. आत गुलाबी अळी किंवा तिची भुसकटासारखी विष्ठा सापडते व काडीवर बारीक छिद्र आढळते. खोडमाशीमुळेही पोंगा मरतो. परंतु खोडमाशीची अळी लहान, पांढुरकी पिवळसर व बिनपायांची असते. गुलाबी खोडकिड्याच्या अळीस पाय स्पष्ट दिसतात व डोके तांबूस असते.

वाळवीचा उपद्रव असल्यास केवळ मधली सुरळी न वाळता संपूर्ण झाड वाळते. ते उपटल्यास मुळे व जमिनीखालील भाग खाल्लेला आढळतो आणि मातीचे थर दिसतात. उंदीर काडी तिरपी कापतो व तिचे तुकडे जवळच पडलेले असतात. पाण्याच्या ताणाने किंवा उष्ण वाऱ्याने पीक वाळल्यास ते पट्ट्यापट्ट्याने, सरसकट वाळते आणि ओंबी ओढली असता सहजासहजी निघत नाही. खोडकिड्याची पांढरी ओंबी मात्र हाताने ओढताच सुटून येते.

कीड कोठून येते?

गव्हाचे शेत नांगरून, बी पेरून तयार केले तेव्हा त्यात ही कीड नव्हती. मग ती आली कोठून, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. याचे उत्तर बहुधा मागील पिकात सापडते. खरीप मका कापल्यानंतर शेतात जी धसकटे उभी राहतात, त्यांत अळ्या व कोष असतात. भाताच्या धसकटांतही त्या असतात. शेजारी उसाचे पीक असल्यास तेथेही ही कीड नांदते. बांधावरील जाड दांड्याचे गवत व गिनी गवतासारखी चाऱ्याची पिकेही तिला आश्रय देतात. या धसकटांतून निघालेले पतंग समोर जे कोवळे गवतवर्गीय पीक सापडेल त्यावर अंडी घालतात, आणि नोव्हेंबर महिन्यात ते पीक गव्हाचे असते.

२०१८ साली भारतात प्रथम नोंदली गेलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात उघड उघड दिसते. त्यामुळे मका उत्पादकाचे सारे लक्ष तिच्याकडे जाते. त्याच मक्याच्या ताटात पोखरून बसलेल्या गुलाबी अळीकडे दुर्लक्ष होते. मका काढताना पाच-पन्नास ताटे बुंध्याशी चिरून पाहिल्यास पुढील गव्हाचे भविष्य बऱ्याच अंशी आधीच कळू शकते.

पेरणीपूर्वीची खबरदारी

मक्याची किंवा ज्वारीची धसकटे शेतात उभी ठेवून गव्हाची पेरणी करू नये. ती वेचून खड्ड्यात कंपोस्टासाठी पुरावीत किंवा यंत्राने बारीक करून खोल नांगरटीने गाडावीत. धसकटे पेटवून देण्याचा मार्ग सोपा वाटला, तरी त्याने जमिनीस मिळणारे सेंद्रिय द्रव्य नष्ट होते आणि उपयुक्त कीटकही जळून मरतात. म्हणून तो टाळावा. ज्यांना विना मशागत पेरणी करावयाची आहे, त्यांनी मागील पिकात कीड होती किंवा नाही हे पाहूनच तसा निर्णय घ्यावा. या पद्धतीचे पाणी व खर्च यांच्या दृष्टीने लाभ आहेत. परंतु किडीने भरलेली धसकटे जेथे जागच्या जागी राहतात, तेथे तिचा धोका वाढतो.

ज्या शेतात मक्यावर उपद्रव फार होता, तेथे त्या वर्षी गव्हाऐवजी हरभरा किंवा करडई घेणे हा उत्तम उपाय होय. ही पिके गवतवर्गीय नसल्यामुळे या किडीस त्यांवर अन्न मिळत नाही आणि तिची साखळी तुटते. सोयाबीन, मूग किंवा उडीद यांच्यानंतर घेतलेल्या गव्हास मागील पिकाच्या धसकटांतून या किडीचा उपसर्ग होत नाही, हाही फेरपालटीचा मोठा लाभ आहे.

पेरणीची योग्य वेळ

पेरणीची वेळ साधून किडीस चुकविणे हा उपाय जगातील गहू उत्पादकांना जुना परिचयाचा आहे. अमेरिकेत हेसियन माशी नावाच्या गव्हाच्या किडीपासून बचाव करण्यासाठी, माशीचा संचार संपल्यावरच शरद ऋतूतील पेरणी करावी, असा नियम शेतकऱ्यांनी दीर्घकाळ पाळला. गुलाबी खोडकिड्याबाबतही हेच तत्त्व लागू पडते. ऑक्टोबरातील उबदार हवेत पतंगांचा संचार अधिक असतो. त्यामुळे फार लवकर पेरलेल्या गव्हात पोंगे अधिक मरतात. पंजाब कृषी विद्यापीठानेही, जेथे पूर्वी ही कीड आढळली आहे, अशा शेतांत ऑक्टोबरातील पेरणी टाळावी असा सल्ला दिला आहे.

परंतु याचा अर्थ पेरणी कितीही लांबवावी असा नाही. महाराष्ट्रात थंडीचा काळ थोडा आहे. पेरणीस उशीर झाल्यास दाणे भरण्याच्या वेळी उष्णता वाढते, दाणा बारीक राहतो व किडीपासून वाचविलेले उत्पादन हवामानामुळे गमवावे लागते. म्हणून बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करण्याची जी शिफारस आहे, तीच या किडीच्या दृष्टीनेही सोयीची ठरते.

उभ्या पिकातील उपाय

पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्यास एकदा शेताची पाहणी करावी. शेतात तिरपे चालत जाऊन दहा ठिकाणी प्रत्येकी एक मीटर लांबीच्या ओळीतील सर्व फुटवे व त्यांपैकी पोंगा मेलेले फुटवे मोजावेत. उदाहरणार्थ, दहा ठिकाणी मिळून ८०० फुटवे भरले आणि त्यांत २४ मेलेले आढळले, तर उपद्रव शेकडा ३ आहे असे म्हणता येईल. हा आकडा वहीत लिहून ठेवावा व पुढील आठवड्याच्या आकड्याशी ताडून पाहावा. उपद्रव वाढत आहे की ओसरत आहे, हे कळल्यावाचून खर्चाच्या उपायाकडे वळू नये.

मेलेला फुटवा काढून टाकणे हा या किडीवरील सर्वांत खात्रीचा व स्वस्त उपाय होय. पण तो योग्य रीतीने केला पाहिजे. केवळ वाळलेली सुरळी ओढून फेकल्यास अळी खालच्या बुडख्यातच राहते व दुसऱ्या फुटव्यात शिरते. म्हणून संपूर्ण फुटवा जमिनीलगत, शक्य तर किंचित मातीखालून, खुरप्याने कापून काढावा. काढलेले फुटवे बांधावर टाकू नयेत. ते बादलीत गोळा करून खोल पुरावेत. हे काम खुरपणीबरोबरच केल्यास वेगळी मजुरी लागत नाही. खुरपणीसाठी आलेल्या स्त्रियांना एकदा मेलेला पोंगा व त्यातील अळी दाखविली, म्हणजे त्या फुटवा नेमका हेरून काढतात.

नत्र खताची मात्रा एकाच वेळी देऊ नये. निम्मे नत्र पेरणीच्या वेळी व उरलेले निम्मे तीन आठवड्यांनी, पहिल्या पाण्याच्या सुमारास द्यावे. शिफारशीपेक्षा अधिक नत्र दिल्याने पीक फार कोवळे व लुसलुशीत राहते आणि किडीस ते मानवते. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटण्याच्या वेळचे पाणी चुकवू नये. नवीन फुटवे जोमाने येण्यास ते अत्यावश्यक आहे.

पाणी दिवसा दिल्यास आणखी एक लाभ होतो. पाण्यामुळे बुंध्याजवळच्या अळ्या उघड्या पडतात आणि बगळे, साळुंक्या, कावळे यांसारखे पक्षी त्या टिपतात. पंजाबातील शिफारशीत याचाही उल्लेख आहे. शेतीपंपास वीज पुष्कळ वेळा रात्री मिळते, ही अडचण खरी आहे. तथापि जेथे सौरपंप आहे किंवा दिवसाची पाळी आहे, तेथे कीडग्रस्त शेतास आधी दिवसाचे पाणी द्यावे.

निसर्गातील साहाय्यक

कोटेशिया फ्लेविपिस नावाची एक लहानशी गांधीलमाशी या किडीच्या अळीच्या शरीरात अंडी घालते. तिच्या पिल्लांनी अळीस आतून खाल्ल्यावर मेलेल्या अळीजवळ पांढऱ्या, तांदळाच्या कणीसारख्या कोषांचा पुंजका दिसतो. काडी चिरली असता असा पुंजका आढळल्यास तो नष्ट करू नये. शेतातच राहू द्यावा. रात्री लावलेल्या प्रकाश सापळ्यात खोडकिड्याचे पतंग आकर्षित होतात. त्यावरून त्यांच्या संचाराचा अंदाज येतो. परंतु दिव्याकडे उपयुक्त कीटकही येतात. म्हणून सापळा मुख्यतः पाहणीसाठी व थोडा वेळच लावावा.

कीटकनाशकांविषयी विवेक

काडीत शिरलेल्या अळीपर्यंत फवारलेले औषध सहसा पोहोचत नाही. अंड्यातून बाहेर पडून काडीत शिरेपर्यंतचा जो अल्प काळ, तेवढाच फवारणीस उपयोगी असतो. पांढऱ्या ओंब्या दिसू लागल्यावर केलेली फवारणी म्हणजे निव्वळ खर्च होय. त्या ओंब्यांत पुन्हा दाणा भरत नाही. उलट तिने ढालकिडे व क्रायसोपा हे मावा खाणारे मित्रकीटक मरतात आणि मावा वाढण्यास वाव मिळतो.

पाहणीत उपद्रव आठवड्यागणिक वाढत असल्याचे दिसून आल्यासच, कृषी विद्यापीठाची चालू शिफारस व डब्यावरील माहितीपत्रक पाहून, त्यात गव्हासाठी नमूद असलेलेच औषध सांगितलेल्या प्रमाणात वापरावे. घरातील जुने डबे तपासून पाहावेत. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. एन्डोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. फोरेटचा वापर २०२० अखेर बंद करण्यात आला. ही औषधे कोणी 'पूर्वी गुण येत असे' म्हणून सुचविली तरी वापरू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, याचे विस्मरण होऊ देऊ नये. हातमोजे, तोंडावर आवरण व अंगभर कपडे यांवाचून फवारणी करू नये, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करू नये आणि दोन निरनिराळी औषधे मनाने मिसळू नयेत. चार पोती गहू वाचविण्यासाठी माणसाचा जीव धोक्यात घालणे हा व्यवहार नव्हे.

कापणीनंतरचे काम

गहू घरात आला म्हणजे खोडकिड्याचा प्रश्न मिटला असे होत नाही. यंत्राने कापणी केलेल्या शेतात उंच बुडखे राहतात व त्यांत अळ्या आणि कोष असतात. तेथून निघालेले पतंग उन्हाळी मक्यावर, चाऱ्याच्या पिकांवर व उसावर जातात आणि खरिपात पुन्हा मक्यावर येतात. म्हणून कापणी जमिनीलगत करावी, लगेच खोल नांगरट करावी आणि ढेकळे उन्हात तापू द्यावीत. ऊन व पक्षी मिळून उघड्या पडलेल्या कोषांचा नाश करतात. बांधावरील वाळलेले जाड गवतही याच वेळी काढून टाकावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

पतंगास बांध आडवा येत नाही. एकाने धसकटे वेचली व शेजाऱ्याने तशीच ठेवली, तर पहिल्याचे श्रम पुष्कळसे वाया जातात. याकरिता कार्यकर्त्यांनी मका कापणीच्या सुमारास शिवारफेरी काढावी, धसकटे चिरून अळ्या शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखवाव्यात आणि सर्वांनी एकाच आठवड्यात धसकटे काढावीत असे ठरवून घ्यावे. डिसेंबरात एखाद्या शेतावर फुटवे मोजण्याचे प्रात्यक्षिक करावे. त्याच शेताच्या एका भागातील मेलेले फुटवे दर आठवड्यास काढावेत व दुसरा भाग तसाच राहू द्यावा. ओंब्या बाहेर पडल्यावर दोन्ही भागांतील दर शंभर ओंब्यांमागे पांढऱ्या ओंब्या किती, हे शेतकऱ्यांकडूनच मोजून घ्यावे. आपल्या हाताने मोजलेल्या आकड्यावर शेतकऱ्याचा जितका विश्वास बसतो, तितका दहा व्याख्यानांनीही बसत नाही.

गुलाबी खोडकिड्यावर एका फवाऱ्याने काम भागत नाही. परंतु त्यास भारी खर्चही लागत नाही. स्वच्छ शेत, पिकांचा फेरपालट, वेळेवर पेरणी, दर आठवड्याची फेरी आणि मुळाशी कापलेला मेलेला फुटवा, एवढ्या पाच गोष्टी ज्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडल्या, त्याच्या शेतात फेब्रुवारी महिन्यात पांढऱ्या ओंब्या शोधूनच काढाव्या लागतील.